शिक्षेआधी सुनावणी

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, वाचनासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

निवृत्त होईपर्यंत मी कोल्हापुरात हायस्कूलला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. आता काही वकील मंडळींबरोबर शाळाशाळांतून जाते आणि मुलांशी संविधानावर बोलते. तुमच्या मंडळानं विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला. तुमच्यातले कितीतरी जण ज्या बाकांवर बसून शिकले, तिथं आजही हा विषय शिकवला जातो, पण माझ्या मते अर्धाच.

बालभारतीचं पुस्तक आठवा. तुमच्या वेळी पहिल्या पानांवर प्रतिज्ञा असायची. आता तिच्याबरोबर संविधानाची उद्देशिका असते आणि नागरिकांची मूलभूत कर्तव्यंही असतात. मूलभूत हक्क मात्र या पानांवर नसतात. ते सातवीच्या नागरिकशास्त्रात भेटतात, तेही परीक्षेपुरते. समानतेचा, स्वातंत्र्याचा, शोषणाविरुद्धचा... मुलं सहाही हक्क घडाघडा म्हणून दाखवतात. पण त्यांनाच विचारा, "तुझ्या मोठ्या भावाला उद्या पोलिसांनी चौकीवर नेलं, तर तू पहिल्यांदा काय विचारशील?" वर्ग गप्प होतो. उत्तर संविधानाच्या बाविसाव्या कलमात आहे: अटकेचं कारण सांगा, त्याला वकिलाशी बोलू द्या, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा. तीन ओळींची गोष्ट आहे. ती पाठ असलेली मुलं मला फार थोडी भेटली.

कोल्हापूरच्या मुलांना हे शिकवायला मी दिल्लीपासून सुरुवात करत नाही, हजेरीपासून करते. शाळेतली नव्हे, पोलिसपाटलाकडची हजेरी. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींतल्या माणसांना कसलाही गुन्हा केलेला नसताना रोज हजेरी द्यावी लागे. चोरी कुठंही होवो, संशय ठरलेला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ही पद्धत बंद केली. महाराजांचं आरक्षण, सक्तीचं प्राथमिक शिक्षण, वसतिगृहं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि असायलाच हवं. हजेरीबद्दल मात्र कोल्हापुरातल्या मुलांनाही माहीत नसतं. मला हा त्यांच्या कामातला फार मोठा तुकडा वाटतो. माणूस कुठल्या घरात जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवायचं नाही, आधी त्यानं काय केलं ते दाखवा, असं एका राजानं आपल्याच पोलिसांना बजावलं. संविधान यायला तेव्हा बत्तीस वर्षं बाकी होती.

मग घटना समितीत काय झालं ते सांगते. अमेरिकेच्या राज्यघटनेत ज्याला 'ड्यू प्रोसेस', म्हणजे न्याय्य प्रक्रिया, म्हणतात, ते आपल्या मसुद्यात सुरुवातीला होतं. घटनेचे सल्लागार बी. एन. राव इथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून गेले आणि पुढं ते शब्द गळले. एकविसाव्या कलमात उरलं ते एवढंच की कायद्यानं ठरवून दिलेल्या पद्धतीखेरीज कुणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. म्हणजे कायदेमंडळानं पद्धतच वाईट ठरवली तर? ही भीती सभागृहात अनेकांनी बोलून दाखवली. बाबासाहेबांनाही ती मान्य होती. म्हणूनच सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी आजचं बाविसावं कलम सभागृहापुढं आणलं आणि आधी जे गमावलं त्याची ही भरपाई आहे, असं उघड सांगितलं. ती चोवीस तासांची ओळ अशी आली. उरलेली उणीव १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भरून काढली: पद्धत नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे.

त्याच बाविसाव्या कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही, म्हणजे गुन्हा करेल या संशयावरून आधीच डांबून ठेवण्यालाही, जागा आहे, आणि हुशार मुलं ते लगेच पकडतात. "बाई, एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं की!" मी त्यांना गप्प करत नाही. संविधानावर प्रेम करायचं म्हणजे त्यातल्या अडचणीच्या जागाही वाचायच्या.

आता तुमच्या मुलांच्या शाळांकडं येते. १९७१ साली ओहायोतल्या कोलंबस शहरात काही विद्यार्थ्यांना दहा दिवसांपर्यंत शाळेतून काढण्यात आलं. त्यांचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही. एक मुलगा सांगत होता, मी शाळेतल्या दंग्यात नव्हतोच. गॉस विरुद्ध लोपेझ या खटल्यात १९७५ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: दहा दिवसांसाठी का होईना, मुलाला शाळेबाहेर काढायचं तर आरोप काय ते त्याला सांगा, तो नाकारत असेल तर पुरावा काय ते सांगा, आणि त्याला त्याची बाजू मांडू द्या. तुमच्यातल्या किती जणांनी आपल्या मुलांना हा निकाल सांगितला आहे? तो त्यांच्या रोजच्या उपयोगाचा आहे.

आपल्याकडं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. पण वर्गात काही हरवलं की काय होतं ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. म्हणून मी आठवी-नववीच्या वर्गात एक प्रसंग देते. मधल्या सुट्टीत मोबाइल गेला. वर्गात एकटाच होता तो एका बदनाम वस्तीतला मुलगा. आता काय करायचं? पहिल्या पाच मिनिटांत वर्ग निकाल देऊन मोकळा होतो: दप्तर तपासा, हेडसरांकडं न्या, त्याच्या बापाला बोलवा. मग मी त्या मुलाचा वकील नेमते, तोही सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्यांतला. तो उठून विचारायला लागतो. मोबाइल शेवटचा कुणी पाहिला? आणखी कोण आत येऊन गेलं? दप्तर तपासायचं तर सगळ्यांचं का नको? अशा एका तासानंतर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही त्याला नावावरनंच धरलं." मग मी फळ्यावर १९१८ लिहिलं आणि हजेरी काय होती ते सांगितलं. त्यानंतर बाविसावं कलम समजवायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

अभिव्यक्ती स्वातंत्र्याबद्दल आता. आपल्या शाळा मुलांना बोलायला शिकवतात, वक्तृत्व स्पर्धांची तर आपल्याकडं मोठी परंपरा आहे. पण तिथं सहसा असंच बोललं जातं जे समोरच्या सगळ्यांना पटेल. न पटणारं ऐकून घेण्याची स्पर्धा मी अजून पाहिलेली नाही. म्हणून मी केरळातल्या तीन भावंडांची गोष्ट सांगते. राष्ट्रगीत चालू असताना ती आदरानं उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळं गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. वर्गात यावर कडाक्याचं भांडण होतं, आणि मला ते हवं असतं. निकाल पटलाच पाहिजे अशी माझी सक्ती नसते. कारण कलमातून दाखवा, एवढंच मी मागते.

कोल्हापुरात हा धडा कोरडा राहू शकत नाही. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. आयुष्यभर लोकांत जाऊन बोलणारा माणूस आमच्या शहरात बोलण्यासाठी मारला गेला, असं मी मानते आणि मुलांना तसंच सांगते. त्याच वर्षी २४ मार्चला श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम रद्द झालं. त्याच्या मागं पालघरचं प्रकरण होतं. २०१२ मध्ये तिथं फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी दोन तरुणींना अटक झाली होती. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं लाइक केलं होतं. न्यायालयानं चर्चा, समर्थन आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. पहिल्या दोन पायऱ्या कितीही कटू लागल्या तरी त्या स्वातंत्र्यातच मोडतात. चौदा वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं, फक्त कुणीतरी सांगायला हवं.

हे सांगायची गरज ७ जून २०२३ ला आम्हाला डोळ्यांनी दिसली. काही तरुणांनी मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून शहरात बंद झाला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद पडलं. त्यानंतर जिथं जिथं गेले तिथं मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बाई, स्टेटस ठेवलं तर पोलीस उचलतात का?" मी एकोणिसावं कलम उघडते. त्यात मर्यादाही लिहिल्या आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रूनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी आणि आणखी काही. कुणाला राग आला, एवढं त्या यादीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या २९९ व्या कलमातही धर्माचा अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केला असला तरच तो गुन्हा ठरतो. तो हेतू होता की नव्हता हे न्यायालय ठरवतं, चौकात जमलेले लोक नाही. आणि स्टेटस ज्यानं ठेवलंच नाही, त्याच्या दुकानावर दगड का? या प्रश्नाशी मुलं थांबतात. हजेरीचा तास झालेला असला तर त्यांना उत्तर स्वतःच सापडतं.

सगळ्यात अवघड तास आरोपीच्या वकिलाचा. "पानसरेसाहेबांना मारल्याचा आरोप ज्यांच्यावर आहे, त्यांना वकील कशाला?" असं मुलं रागानं विचारतात. त्यांच्या त्या रागाचा मला आदर आहे. तरीही मी सांगते, त्यांनाही मिळालाच पाहिजे. कसाबलाही दिला होता. त्याच्या अपिलाच्या निकालात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आरोपी पहिल्यांदा समोर येतो तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. अमक्याचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही, असे ठराव बार असोसिएशन करतात तेही बेकायदेशीर आहेत, हे २०१० मध्येच ठरलं. आपल्या माणसाच्या खुन्याला शिक्षा व्हावी असं वाटत असेल, तर ती अशा खटल्यातून व्हावी की जो वरच्या न्यायालयातही टिकेल.

एक आनंदाची बातमी तुम्हाला कळली असेलच. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. पिढ्यान्‌पिढ्या वकिलांनी आणि लोकांनी त्यासाठी आंदोलनं केली. बेकायदा डांबलेल्या माणसासाठी रिट करायचं, तर सावंतवाडीच्या आईला आता मुंबई गाठावी लागत नाही. नववी-दहावीच्या मुलांना तिथं नेऊन एखादी सुनावणी दाखवावी, अशी माझी फार इच्छा आहे.

आता मागणं. तुम्ही आपापल्या जुन्या शाळांना मदत पाठवता, प्रोजेक्टर देता, खोल्या बांधून देता. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यंदा त्याबरोबर शाळेच्या संस्थेला एक पत्र पाठवा. कुठल्याही मुलाला मोठी शिक्षा करण्याआधी आरोप लेखी द्यावा, त्याचं म्हणणं पालकांसमोर ऐकावं आणि निर्णयाचं कारण लिहून ठेवावं, एवढा एक नियम करा अशी विनंती त्यात असू दे. माजी विद्यार्थ्यांचा शब्द संस्थेत मोडला जात नाही, हे मी आत राहून पाहिलं आहे. तुमच्यात जे वकिली करतात त्यांनी महिन्यातून एक तास आमच्या वर्गांसाठी ऑनलाइन द्यावा, शनिवारची सकाळची शाळा म्हणजे तुमची शुक्रवारची रात्र. पत्राचा मराठी मसुदा मी बरोबर आणला आहे, जेवणाच्या टेबलाशी ठेवते. शाळा जूनच्या मध्यात उघडतात, त्याआधी पत्रं पोचली तर पहिल्या पालकसभेत विषय घेता येईल.