राइस कुकर आणि ऑस्करचं मतदान

(एका फिल्म सोसायटीच्या वार्षिक सभेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘वेगळ्या वाटेचे चित्रपट आणि ऑस्करचं मतदान’. मतदानाची पद्धत मी सांगणार आहेच. पण त्याआधी मला एक तक्रार मांडायची आहे, आणि ती आपल्याच जमातीबद्दल आहे, म्हणून ती याच खोलीत मांडलेली बरी.

2024 सालचा सप्टेंबर आठवा. मे महिन्यात पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळालं होतं. भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी पोहोचला होता. त्याआधीचा शाजी करुण यांचा ‘स्वाहम’, 1994 सालचा. मग 23 सप्टेंबरला फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने 29 चित्रपटांतून किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ ऑस्करसाठी निवडला आणि आपल्याकडे जिथे दोन सिनेमावेडे भेटतील तिथे वाद पेटला. हा पाठवायला हवा होता, तो पाठवायला हवा होता, तिकडच्या लोकांना काय आवडतं, काय कळतं. आता गंमत बघा. ‘ऑल वी इमॅजिन’ तोवर फक्त केरळात मोजक्या पडद्यांवर लागला होता. देशभर तो आला 22 नोव्हेंबरला. म्हणजे दोन महिने आपण एका न पाहिलेल्या चित्रपटाला ऑस्कर मिळेल की नाही यावर घसा कोरडा करत होतो!

तेही मी समजू शकतो. उत्साह असतो. पण चित्रपट आला, आपल्या गटाने तो एकत्र पाहिला, नंतर चर्चेला बसलो, आणि पहिला प्रश्न आला, ‘पाठवला असता तर चान्स होता का?’ त्यावर पाऊण तास. संथ आहे, तिकडे चालतं. शेवट सोडून दिलाय, तिकडे आवडतं. पण प्रचाराला पैसा लागतो. पण कानचा शिक्का आहे. सगळे हिरिरीने बोलत होते आणि पडद्यावर नुकतंच काय पाहिलं याबद्दल अवाक्षर नाही. शेवटी मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. आयुष्यभर सरकारी इस्पितळात सिस्टर होत्या. म्हणाल्या, ‘ती लोकलमध्ये दांड्याला धरून उभी आहे ना, ती कशी उभी आहे ते कुणी पाहिलं का? सगळा भार एका पायावर. दिवसभर वॉर्डात उभं राहिलं की माणूस असाच उभा राहतो. त्या मुलीला हे कुणी शिकवलं असेल?’

त्या एका वाक्यानंतर चर्चा खरी सुरू झाली. कनी कुसृती या नटीने प्रभा या नर्सची भूमिका कशी उभी केली आहे, ती किती कमी बोलते, डोळे कुठे ठेवते, यावर लोक बोलायला लागले. पण तोवर हॉलची वेळ संपत आली होती. माझी तक्रार ही एवढीच आहे, आणि मला ती फार मोठी वाटते. चित्रपट चांगला आहे का, हा एक प्रश्न. त्याला पुरस्कार मिळेल का, हा दुसरा. दुसरा प्रश्न सोपा असतो, कारण त्यात स्वतःला काय वाटलं ते सांगावं लागत नाही. परक्या माणसाला काय वाटेल याचा अंदाज बांधला की झालं.

आता राइस कुकरबद्दल बोलू, कारण त्याच्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

प्रभा मुंबईतल्या इस्पितळात नर्स आहे. नवरा लग्न होताच जर्मनीला गेलेला. त्याचा फोन येऊन वर्ष उलटून गेलंय. एक दिवस खोलीवर पार्सल येतं. आत लालभडक राइस कुकर, जर्मनीत बनलेला. चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. आपल्या सवयीच्या सिनेमात इथे एक फोन झाला असता, रडणं झालं असतं, निदान खोलीतल्या मैत्रिणीने चार वाक्यांत परिस्थिती समजावून सांगितली असती. इथे तसं काही नाही. रात्री प्रभा एकटीच जमिनीवर बसते, तो कुकर जवळ ओढते आणि त्याला मिठी मारते. बस्स. ज्याचा चेहराही आता नीट आठवत नसेल अशा माणसाने पाठवलेली, किंवा कदाचित त्याने पाठवलेलीही नसेल अशी एक वस्तू. त्यात संसार आहे, परदेश आहे, फसवणूक आहे, आणि शरीराला हवासा वाटणारा स्पर्शही आहे. हे दृश्य घाईने दाखवलं असतं तर हसू आलं असतं. ते संथ आहे म्हणून आपल्याला तिच्या शेजारी बसायला वेळ मिळतो. चित्रपट संथ आहे अशी तक्रार करणाऱ्यांनी मला सांगावं की या प्रसंगातली कोणती सेकंदं कापायची.

दुसरी पार्वती, म्हणजे आपल्या छाया कदम. इस्पितळात स्वयंपाक करते. राहत्या चाळीवर बिल्डरचा डोळा आहे आणि खोली तिची असल्याचा एकही कागद तिच्याकडे नाही. नवरा गेला, कागदपत्रांचं तिला कधी कुणी सांगितलं नाही. इतकी वर्षं राहूनही ती तिथे कधी राहिलीच नव्हती असं ठरू शकतं. मंडळी, गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं का? लाइट बिल कुणाच्या नावावर, भाडेपावती कुठे, रेशन कार्डावर कुणाकुणाची नावं, यावर या शहरात माणसाचं असणं-नसणं ठरतं. 1982च्या गिरणी संपानंतर किती घरांनी हे भोगलं. मग एका रात्री पार्वती आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरात फलकावर दगड मारतात. आमच्या खेळाला त्या क्षणी टाळ्या पडल्या होत्या.

आणि या चित्रपटाबद्दल फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलेलं ज्युरीचं, म्हणजे निवड समितीचं, मत काय होतं? तर भारतात घडणारा युरोपीय चित्रपट बघतोय असं वाटलं. मला हे फार लागलं. कागद नसलेली, रत्नागिरीकडची, इस्पितळात भात रांधणारी बाई युरोपीय कशी? मल्याळम, हिंदी आणि मराठी एकमेकींत मिसळत जाणारी बोली युरोपातली? निर्मितीत फ्रान्सचा पैसा होता, खरं आहे. पण पैशाने गोष्ट परकी होत असेल तर मोजायला बसू तेव्हा फार थोडे चित्रपट आपले उरतील. शांततेवर युरोपचा हक्क आहे असं तर कुणाला वाटत नाही ना? सत्यजित राय यांचा तसाच शांत ‘पथेर पांचाली’ 1955 सालचा आहे.

छाया कदम यांच्यावरून आठवलं. ‘लापता लेडीज’मध्ये रेल्वे स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई, तीही त्याच. ज्या दोन चित्रपटांवरून आपण भांडलो, त्या दोन्हींत आपलीच नटी उभी आहे आणि दोन्हीकडे एकट्या कष्टकरी बाईचं वेगवेगळं रूप दाखवते आहे. त्या वर्षी यावर एखादा अख्खा कार्यक्रम व्हायला हवा होता. ‘लापता लेडीज’ मला मनापासून आवडतो. घूंघटामुळे नवऱ्या बदलतात, या एवढ्याशा कल्पनेतून केवढं काय काय सांगितलंय. माझं भांडण त्या चित्रपटाशी अजिबात नाही.

हे आजचंही नाही. 2013 साली ‘द लंचबॉक्स’ वगळून ‘द गुड रोड’ हा गुजराती चित्रपट पाठवला, तेव्हाही हेच झालं. आणि ‘श्वास’चं वर्ष? 2004. ‘श्यामची आई’नंतर पहिल्यांदा मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, मग ऑस्करसाठी निवड झाली, आणि प्रचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्राने वर्गणी काढली. ते प्रेम खरं होतं, मी त्याला कधीही नावं ठेवणार नाही. नामांकन मिळालं नाही. पण आज ‘श्वास’ म्हटलं की काय आठवतं? ऑपरेशनने डोळे जाणार, म्हणून आदल्या दिवशी नातवाला इस्पितळातून गुपचूप बाहेर नेऊन जग दाखवणारा आजोबा. अरुण नलावडे आणि छोटा अश्विन चितळे. त्या वर्षी ऑस्कर कुणाला मिळालं, ते या सभागृहात किती जण सांगू शकतील?

तसाच चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, एका शाहिरावरच्या खटल्याचा. 2014 साली व्हेनिस महोत्सवात ओरिझोंती या स्पर्धा विभागात सर्वोत्कृष्ट आणि शिवाय पदार्पणाचा पुरस्कार, मग राष्ट्रीय पुरस्कार, मग ऑस्करसाठी भारताची निवड, आणि नामांकन नाही. त्याच्या शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. मी पाहिलेल्या खेळाला निम्मे प्रेक्षक उठले, कुणी चपला शोधायला लागले, आणि चित्रपट पुन्हा सुरू झाला. न्यायाधीश महाशय सहलीला निघालेत. उठलेले लोक जिथे होते तिथेच, पायऱ्यांवर टेकून, शेवटपर्यंत बघत राहिले. वीरा साथीदारांचा शाहीर तुरुंगात आणि न्यायव्यवस्था बाकावर डुलक्या काढते आहे, हे त्यांनी तशा अवघडलेल्या अवस्थेत पाहिलं. असा अनुभव देणाऱ्या चित्रपटाचं मोल नामांकनाने किती वाढलं असतं?

संयोजक घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं. ठीक आहे, आता मतदान, भरभर सांगतो.

पहिला मुद्दा. कानमध्ये नऊ जणांची ज्युरी असते. 2024ला दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग अध्यक्ष होत्या. नऊ माणसं एका खोलीत बसतात, भांडतात, एकजण दुसऱ्याला पटवतो. विचित्र, हट्टी, वेगळ्या चित्रपटाला अशी खोली मानवते, कारण त्याच्या बाजूने बोलणारा एक जिद्दी माणूस पुरतो. ऑस्करला दहा हजारांच्या आसपास सदस्य. प्रत्येकजण आपापल्या घरी मत देतो. तिथे कुणी कुणाला पटवत नाही.

दुसरा मुद्दा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा विभाग. इथे पसंतीक्रम चालतो, आणि तुम्हाला तो माहीत आहे, कारण आपल्या विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार मत देतात ते असंच. दहा नामांकनं निवडताना पहिल्या पसंतीला मोल असतं. कोटा, म्हणजे नामांकनाला लागणारी ठरावीक मतं, गाठायला थोडे पण कट्टर चाहते पुरतात. म्हणून तीन तासांचा जपानी ‘ड्राइव्ह माय कार’ तिथवर पोहोचू शकला. पण विजेता ठरवताना निम्म्याहून अधिक मतं लागतात. ती होईपर्यंत तळाचा चित्रपट बाद करत जायचं आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला द्यायची. आता ज्या चित्रपटावर काहीजण जीव टाकतात आणि बाकीचे त्याला दहावा क्रमांक देतात, तो या टप्प्यावर अडकतो. सर्वांच्या यादीत दुसरा-तिसरा असणारा पुढे सरकतो. कट्टर चाहते आणि सर्वांची पसंती, दोन्ही साधणारा कोरियन ‘पॅरासाइट’सारखा चित्रपट क्वचित येतो.

तिसरा मुद्दा, आंतरराष्ट्रीय विभाग. 2024 साली नियम होता एका देशाचा एकच चित्रपट. 85 देशांचे चित्रपट पात्र ठरले, त्यांतले 15 प्राथमिक यादीत, मग पाच नामांकनं. ‘लापता लेडीज’ त्या 15मध्ये आला नाही. संध्या सूरी यांचा हिंदी ‘संतोष’ आला, पण ब्रिटनकडून! आणि फ्रान्सचं ऐका. त्यांच्याकडेही ‘ऑल वी इमॅजिन’ विचारात होता. त्यांनी ‘एमिलिया पेरेझ’ पाठवला. त्याला 13 नामांकनं मिळाली, म्हणजे अंदाज अगदी बरोबर आला असं वाटावं. पण आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर नेलं ब्राझीलच्या ‘आय ॲम स्टिल हिअर’ने. ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांना शेवटचं पाऊल ओळखता आलं नाही, तिथे आपल्या 13 सदस्यांच्या समितीने कोणत्या आधारावर परक्यांच्या आवडीचा ठोकताळा बांधायचा?

म्हणून माझी मागणी साधी आहे. समितीने आधी गुणवत्तेवर मत द्यावं. कोणता चित्रपट श्रेष्ठ वाटला, का वाटला, ते प्रत्येक सदस्याने लिहावं. तिथे कोणता चालेल याचं मत वेगळं घ्यावं. दोन्ही निकाल कारणांसह जाहीर करावेत, म्हणजे एखादा चित्रपट ‘युरोपीय’ वाटला असेल तर कोणत्या दृश्यात वाटला हेही कळेल आणि त्याला उत्तर देता येईल. तेरा जण एका खोलीत बसतात, म्हणजे भांडायची आणि पटवायची सोय आपल्याकडे आहेच. तिचा उपयोग चित्रपटासाठी व्हावा.

फेडरेशनला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी आणलाय, दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. वाचा, दुरुस्त्या सुचवा, पटलं तर सही करा. सिस्टरबाई आज आल्या आहेत, पहिली सही त्यांनी करावी अशी माझी विनंती आहे.