टायर आणि मडगार्डमधली फट

(दृश्य: पावसातला घाटरस्ता. पुढच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकातून उडणारा फवारा.)

गाडी ताशी ६० किलोमीटरनं धावते तेव्हा टायरचा पृष्ठभागही त्याच वेगानं फिरत असतो. रस्त्यावरचं पाणी उचलायचं आणि भिरकावून द्यायचं, हे त्याचं पावसातलं काम. चाकाच्या मागच्या अंगानं सुटलेलं पाणी वर उडतं आणि पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो. तो सगळ्यांना दिसतो. चाकाच्या माथ्यावरून सुटलेलं पाणी मात्र पुढे, सीटखाली जातं, थेट मोनोशॉकवर, म्हणजे मागचे धक्के झेलणाऱ्या एकमेव शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर. त्यातली बारीक वाळू शॉकच्या दांड्याला चिकटते आणि प्रत्येक खड्ड्यात ऑइल सीलवर, म्हणजे शॉकमधलं तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर, घासली जाते.

(दृश्य: गॅरेज. लिफ्टवर चढवलेली गाडी, मागचं चाक अधांतरी.)

म्हणून जूनच्या तोंडावर बाहेरून आणलेलं मडगार्ड बसवून घ्यायला गाड्या येतात. यात दोन प्रकार. एक सीटखालच्या सांगाड्याला लागतं आणि जागेवर स्थिर राहतं. खड्ड्यात चाक वर उसळलं की टायर त्याच्याकडे सरकतो. दुसरा प्रकार टायर हगर. तो स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरून वरखाली होणाऱ्या सांगाड्याच्या भागावर, बसतो आणि चाकाबरोबरच वरखाली होतो, त्यामुळे टायरला अगदी जवळ बसवता येतो. पण मग तो स्वतःच वर जाऊन सीटखालच्या भागाला किंवा ब्रेकच्या पाइपला लागू शकतो.

(दृश्य: जवळून. बोल्टच्या भोकात रबरी बुश (जाड कडं), बुशच्या आत छोटी धातूची नळी.)

हा तुकडा बघून ठेवा. पाकिटातून हाच हरवतो आणि पुष्कळदा कुणी शोधतही नाही. बोल्ट आवळला की सगळा दाब ही धातूची नळी घेते. प्लॅस्टिक रबरात मोकळं राहतं. नळीशिवाय आवळलेलं मडगार्ड इंजिनाच्या थरथरीनं भोकापासूनच तडकतं.

सगळे बोल्ट आधी हातानंच लावायचे. चाक फिरवायचं, फट दोन्ही बाजूंनी सारखी करायची, मग दहाचा पाना घ्यायचा. एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर आणि ब्रेकचा पाइप टायरपासून लांब बांधायचा. त्यानंतर दोघांना गाडीवर बसवून जोरात दाबायला सांगायचं आणि तिसऱ्यानं खाली वाकून बघायचं. रिकाम्या गाडीवर तपासलेली फट खरी नसते.

फटीचा आणखी एक हिशेब चेनकडे असतो. चेन जुनी होते तसं ताण द्यायला चाक मागे ओढलं जातं. अशा मागे गेलेल्या चाकाला हगर पुढून अगदी चिकटून बसवला आणि महिन्याभरात चेनसेट (चेन आणि तिची दातेरी चाकं) नवा टाकला, तर चाक पुढे येतं आणि टायर घासायला लागतो. चेन बदलायचीच असेल तर ती आधी बदलावी.

(दृश्य: काळ्या रानातली पाऊलवाट. चिखलानं भरलेलं चाक.)

मराठवाड्यात, विदर्भात, जिथे गाडी रानापर्यंत न्यावी लागते, तिथे हगर नकोच असं माझं स्पष्ट मत आहे. ओली काळी माती टायरला थरावर थर चढते, त्या फटीत ठासून भरते आणि चाक जागच्या जागी अडकतं. मग काडीनं माती उकरत बसायचं. तिथे सांगाड्याला लागणारं, उंच, टायरपासून चांगलं लांब राहणारं मडगार्डच हवं. पाठीवर थोडे शिंतोडे आले तरी चालतील.

(दृश्य: डाव्या बाजूचं साडी गार्ड.)

मूळ मडगार्ड काढताना बऱ्याच गाड्यांवर साडी गार्डही काढावं लागतं आणि मग ते माळ्यावर जातं. हे मला अजिबात पटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकलेलं असलं पाहिजे. ओढणी चाकात ओढली जायला क्षण पुरतो. साडी गार्ड परत लावल्याशिवाय गाडी लिफ्टवरून उतरवू नये.

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांवर नंबर प्लेट स्नॅप लॉकनं बसवलेली येते, आणि ते लॉक तोडल्याशिवाय निघत नाही. म्हणून प्लेट मूळ जागी ठेवून बसणारं मडगार्ड निवडलेलं बरं.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. त्याच वेळी मडगार्डच्या आत टॉर्च मारा. कुठे चकचकीत घासलेला पट्टा दिसला, तर त्या बाजूची फट वाढवून घ्या.