नाव उतरेपर्यंत

[दृश्य: बडोदा, दांडिया बाजारातली गल्ली, सकाळ. भिंतीला चिकटून उभी पांढरी वॅगन आर.]

जीजे ०६ पासिंगची ही गाडी अकरा वर्षं या गल्लीत उभी होती. बाबा रोज सकाळी तिच्यावर फडका मारायचे, दसऱ्याला झेंडूची माळ घालायचे. गुडघे साथ देईनात तेव्हा त्यांनीच विकायचं काढलं. डीलरला दिली तर भाव कमी येणार, म्हणून फोटो काढून स्वतःच जाहिरात टाकली. वीस मिनिटांत पहिला फोन आला.

पलीकडचा माणूस म्हणाला, मी फौजी, ईएमईला बदली झाली आहे, घरच्यांसाठी गाडी हवी.

बडोद्यात हे बोलणं चटकन पटतं. लष्कराच्या इंजिनिअरांचं ईएमई स्कूल शहरात खरंच आहे. १९६६ साली लष्करानं बांधलेलं, ॲल्युमिनियमच्या घुमटाचं तिथलं दक्षिणामूर्ती मंदिर आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. वर्दीबद्दल आपल्या मनात जो मान आहे, त्यावरच हे भामटे धंदा करतात. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याचीच.

[दृश्य: फोनचा स्क्रीन. चेहरा आणि नंबर झाकलेले.]

मग व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो आला. ओळखपत्र आलं, कँटीनचं कार्ड आलं. बाबांनी २ लाख ३० हजार सांगितले, आणि तो लगेच "ठीक है सर" म्हणाला. गाडी बघायला यायला रजा नाही, माणूस पाठवून उचलून नेतो. तेवढा आरसी बुकाचा फोटो पाठवा. बाबांनी तो पाठवलासुद्धा.

आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली. "अहो, गाडी बघितली नाही, बॉनेट उघडलं नाही, आणि भावही केला नाही? खंडेराव मार्केटात मी पावशेर मिरचीला घासाघीस करते."

तेवढ्यात क्यूआर कोड आला. "सर, स्कॅन कीजिए, पैसे आपके खाते में आ जाएँगे." बाबांनी स्कॅन केलं. स्क्रीननं पिन मागितला.

हे मी सावकाश सांगते, कारण बहुतेकांचे पैसे इथेच जातात. आपल्या खात्यात पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन लागत नाही. कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात. पूर्वी हे लोक पैसे मागणारी विनंती पाठवायचे आणि 'मंजूर करा' म्हणायचे. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआर कोड मात्र राहिलाच.

बाबांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. तो वाजत राहिला. नंतर धमक्याही आल्या.

पैसे गेलेच असते तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा होता. जितक्या लवकर कळेल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची आशा जास्त. उद्या बघू म्हटलं तर ती पुढे सरकलेली असते. आरसीचा फोटो मात्र त्याच्याकडे गेला होता. अशा फोटोवर आपलीच गाडी दाखवून हे लोक दुसऱ्या कुणाकडून टोकन म्हणून आगाऊ पैसे उकळतात. म्हणून त्याची तक्रार सायबर पोर्टलवर नोंदवून ठेवली.

[दृश्य: उघडं बॉनेट. ऑइलची पट्टी पुसणारे हात.]

खरं गिऱ्हाईक आठवड्यानं पादऱ्याहून आलं, मिस्त्रीला बरोबर घेऊन. त्यांनी दारं वाजवून पाहिली, ऑइलची पट्टी काढली, क्लचवर नाक मुरडलं आणि वीस हजार कमी केले. आईला तेव्हा कुठे बरं वाटलं.

पण गोष्ट इथे संपत नव्हती. गिऱ्हाईक म्हणालं, "पूर्ण रक्कम रोख देतो. तुम्ही गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सही करून द्या, नाव आम्ही नंतर भरू." बोलणारा माणूस वाईट नव्हता, अशी रीतच पडली आहे. मात्र २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. आणि कोरा फॉर्म तर त्याहून धोक्याचा.

[दृश्य: जुन्या फायली. आवाज संथ.]

सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं. गाडी २००७ साली विकली गेली, पुढे हातोहात फिरली, नोंदणीत नाव मात्र पहिल्याच मालकाचं राहिलं. २००९ मध्ये तिच्याखाली एकाचा जीव गेला. ६ फेब्रुवारी २०१८ ला निकाल लागला: नोंदणीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी त्यानं कधीच विकली होती, तरीही.

हे वाचल्यावर बाबांनी दोन दिवस काहीच ठरवलं नाही.

मग दोघे मिळून बँकेत गेले. आरटीजीएस झालं, आणि बाबांनी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा मेसेज न बघता स्वतःच्या पासबुकात एंट्री करून घेतली. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख सगळं भरूनच सही केली. त्यातही एक अडचण निघाली. कर्ज सहा वर्षांपूर्वी फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. तो उतरवायला बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणि ३५ नंबरचा फॉर्म लागला. गाडी ताब्यात देताना कागदावर तारखेबरोबर वेळही लिहिली, किलोमीटर लिहिले, दोघांच्या सह्या घेतल्या. त्या मिनिटानंतर येणारा दंडाचा मेमो कुणाचा, हे त्या कागदावरून ठरतं. फास्टॅग बंद केला, नाहीतर अहमदाबाद एक्स्प्रेस हायवेचा टोल बाबांच्या खात्यातून कापला जात राहिला असता.

विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. बाबांनी तिसऱ्या दिवशी कळवलं.

[दृश्य: रिकामी भिंत. तेलाचा काळा डाग.]

डॅशबोर्डवरचा गणपती आईनं काढून देवघरात ठेवला होता. गाडी गेली, तरी बाबा रोज जेवणानंतर चष्मा लावून एमपरिवहन या सरकारी ॲपवर तोच नंबर टाकायचे. मालकाच्या नावातली काही अक्षरं तिथे फुल्यांनी झाकलेली असतात. एकविसाव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि फोन पुढे केला. फुल्या होत्याच. पहिलं अक्षर आमचं नव्हतं.