पायलट आहे, विमान आहे, तरी उड्डाण का नाही?

नमस्कार मंडळी. जुलैमधल्या एका रात्रीची गोष्ट. नागपूरहून मुंबईला येत होतो. साडेनऊला उतरायचं होतं, पण मुंबईवर पाऊस असा कोसळत होता की चाळीस मिनिटं आम्ही वरच घिरट्या घालत राहिलो. शेवटी कॅप्टनने विमान अहमदाबादला नेलं. तिथे दीड तास गेला. पाऊस थांबल्याचं घरून व्हॉट्सॲपवर कळलं. विमान धडधाकट, इंधन भरलेलं. आणि घोषणा झाली: क्रूची ड्युटी संपली आहे, दुसरा क्रू येईपर्यंत थांबावं लागेल. माझ्या मागचे एक काका उसळलेच. "अहो, तासाभराचा तर प्रश्न आहे! एसटीचा ड्रायव्हर अर्ध्या वाटेत गाडी सोडून जातो का?"

आजचा व्हिडिओ त्या काकांसाठी.

एका विमानाला पायलट किती लागतात? बहुतेकांचं उत्तर असतं दोन. फार तर चार. चला, हिशोब करू. (स्क्रीनवर आकडे.) समजा एक विमान दिवसाला १२ तास उडतं. वर्षाचे झाले ४,३८० तास. कॉकपिटमध्ये दोघं बसतात, म्हणजे ८,७६० पायलट-तास. नियमाने एका पायलटला वर्षात १,००० तासांच्या वर उडता येत नाही. भागाकार केला की येतात पावणेनऊ पायलट. एका विमानाला नऊ!

पण ही झाली कागदावरची बेरीज. पायलट आजारी पडतो, रजेवर जातो, सिम्युलेटरवर परीक्षा द्यायला जातो, मेडिकलला जातो. आठवड्याची सक्तीची विश्रांती असते. एखाद्याच्या वाट्याला वर्षाला ६५० तासच आले, तर तेच नऊ साडेतेरा होतात. आणि हे साडेतेरा म्हणजे कोणीही साडेतेरा नव्हेत. एअरबस उडवणारा उद्या उठून एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, उडवू शकत नाही. कॅप्टनच्या जागी दोन फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, बसवून भागत नाही. त्यामुळे 'आमच्याकडे इतके हजार पायलट आहेत' असं कंपनी म्हणते तेव्हा मी तरी लगेच मान डोलवत नाही. कॅप्टन किती, कुठल्या विमानाचे, कुठल्या बेसवर, हे सांगा, मग बोलू.

आता मुंबईचा मुद्दा. इथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी व्यवहारात एकच वापरायची. रांग ठरलेली. आणि पायलटचे तास मोजले जातात ते विमान जागेवरून हललं तेव्हापासून ते पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. सांताक्रूझला टॅक्सीवेवर वीस मिनिटं उभे राहिलात, वर गोल गोल फिरलात, तरी ती मिनिटं त्या १,००० तासांतूनच वजा होतात. प्रवासी कुठे पोचला नाही, पायलट मात्र खर्च झाला. दिवसाच्या ड्युटीलाही मर्यादा असते, आणि ते घड्याळ तर त्याहून आधी, रिपोर्टिंगपासूनच, सुरू झालेलं असतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक फर्स्ट ऑफिसर राहतो. रविवारी दुपारी त्याच्याकडे गेलो, तर दारामागे इस्त्री केलेला युनिफॉर्म, चपलांच्या रॅकशेजारी भरलेली बॅग, फोनचा आवाज फुल. मी म्हटलं, कुठे निघालास? म्हणाला, "कुठेच नाही. स्टँडबाय." सासूबाई डोंबिवलीला, जेवायला बोलावलेलं, पण हा मरोळ सोडू शकत नाही. फोन आला की निघायचं. त्या दिवशी फोन आलाच नाही. कंपनीच्या हिशोबनिसाला विचारलंत तर तो म्हणेल, एक पायलट आज फुकट गेला. युटिलायझेशन शून्य!

खरी मेख इथेच आहे. पायलटमागे उड्डाणाचे तास वाढवायचे, तर सगळ्यात सोपी कात्री याच माणसाला लागते. स्टँडबाय कमी करा, दोन ड्युट्यांमधली फट कमी करा, रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, दाबून भरा. आकडे झकास दिसतात. कधीपर्यंत? पहिला मोठा पाऊस येईपर्यंत, किंवा नियम बदलेपर्यंत.

नियम बदललेच. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जानेवारी २०२४ मध्ये पायलटच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम काढले. ते आधी लांबणीवर पडले, मग दिल्ली हायकोर्टातून होत होत दोन टप्प्यांत लागू झाले, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८. नियमातली रात्र पूर्वी पहाटे पाचला संपायची, आता सहाला. आणि रात्रीत शिरणाऱ्या ड्युटीत लँडिंग सहावरून थेट दोनवर.

या शेवटच्याने काय झालं पाहा. साडेनऊला रिपोर्ट केलेला क्रू साडेदहाला मुंबईहून निघतो, पाऊण वाजता दिल्ली, पावणेचारला परत मुंबई, मग पावणेसहाला गोवा. पूर्वी हे एकाच जोडीने केलं असतं. आता मुंबईला दुसरी जोडी लागते. एका गोव्याच्या फेरीसाठी दोन ताजी माणसं! पहाटे पावणेसहाला डोळे जड झालेले असतात, तेव्हा तिसरं लँडिंग नको, हे मला पटतं. आणि हा नियम अचानक आभाळातून पडला नव्हता. तयारीला जवळजवळ दोन वर्षं होती.

तरी डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं ते तुम्ही पाहिलंत. इंडिगो, चारशेहून जास्त विमानं, रोजची २,२०० हून अधिक उड्डाणं, आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर रद्द. शेवटी सरकारला तिकिटांच्या दरावर मर्यादा घालावी लागली आणि कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत सूट द्यावी लागली. चौकशी समितीने नंतर बोट ठेवलं ते याच दुखण्यावर: माणसं आणि विमानं पुरेपूर वापरण्याच्या नादात रोस्टरमध्ये फटच उरली नव्हती.

बरं, मग भरा की पायलट! तेही लगेच जमत नाही. कमर्शियल लायसन्सला २०० तास, कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल लायसन्सला १,५०० तास, वर टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवण्याची वेगळी परवानगी. कॅप्टन बनायला वर्षं जातात. म्हणून कंपन्या एकमेकींचे पायलट ओढतात, आणि म्हणूनच २०१७ पासून कॅप्टनचा नोटीस पीरियड एक वर्षाचा आहे. तरी २०२३ मध्ये अकासा या विमान कंपनीतून ४३ पायलट नोटीस न पाळता गेले आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात पोचलं. कंपनीकडे तेव्हा विमानं किती? जेमतेम २०.

आता काकांकडे परत जाऊ. एसटीचा ड्रायव्हर थकला तर गाडी कडेला घेता येते, काका. इथे कडाच नाही.

त्या रात्री पावणेदोनला नवी जोडी आली, दुसऱ्या विमानातून, प्रवाशांच्या सीटवर बसून. ड्युटीवर असं बसून जाण्याला डेडहेड म्हणतात, आणि पुढे विमान उडवायचं असेल तर त्यांचं घड्याळ तेव्हापासूनच चालू. आम्ही तीनच्या सुमारास मुंबईत उतरलो. काका खांद्यावर बॅग टाकून निघाले, जाता जाता कॅप्टनला "थँक्यू" म्हणाले. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. या नव्या जोडीची सकाळची फ्लाइट आता कोण नेणार?