जळलेली मोटर भरण्याआधी

(आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

हरभरा-गव्हाचं ओलित सुरू झालं की वाइंडिंगच्या दुकानापुढं मोटरींची रांग लागते. तुमचा ट्रेड दोन वर्षांचा, पण गावात उभं राहायचं तर पहिलं काम हेच हाती येणार. मोटर भरणं, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळणं, हाताला सवयीनं येतं. ती का जळली, हे ओळखणं मात्र शिकावं लागतं.

मोटर उघडली की लगेच तार कापू नका, आधी कॉइली पाहा. स्टार जोडणीत (तिन्ही फेजच्या कॉइलींची एकेक टोकं एकत्र बांधलेली) दोन फेज काळे आणि तिसरा स्वच्छ दिसला, तर मोटर दोन फेजवर चाललेली आहे. डेल्टात (टोकाला टोक जोडून त्रिकोण केलेला) उलटं होतं: एक फेज जळतो, दोन शाबूत राहतात. सगळंच सारखं काळं असेल तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा जाम झालेला पंप. एकाच स्लॉटपाशी (तार बसते त्या खाचेपाशी) डाग असेल तर तिथला इन्सुलेशनचा कागद फाटलेला.

दोन फेजचा प्रकार आपल्याकडं फार. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरपाशी) एक फ्यूज जातो, पण चालू मोटर थांबत नाही, नुसती गुणगुणते. भार तोच राहिला तर उरलेल्या दोन वायरींतला करंट पावणेदोनपटीच्या घरात जातो. 5 एचपीची साडेसात अँपिअर घेणारी मोटर तेरा घेऊ लागते. हे स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेनं पकडून मोटर बंद करायला हवी. पण ‘सारखी ट्रिप मारते’ म्हणून कुणीतरी त्याचा काटा शेवटाला फिरवलेला असतो. काटा नेमप्लेटवरच्या अँपिअरवर लावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या वायरीत असेल, तर त्या आकड्याच्या 0.58 पटीवर. सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, हवाच.

आता जुनी तार काढा. त्याआधी स्लॉट, पोल, पिच (कॉइलीच्या दोन बाजूंत किती स्लॉटांचं अंतर), टर्न (वेढे), जोडणी आणि एका टर्नमध्ये किती तारा ते वहीत लिहा. तारेची जाडी मायक्रोमीटरनं, इनॅमल काढून मोजा. तार एका गेजनं बारीक घातली की मोटर चालते, पण तापते. जुनी तार सुटावी म्हणून स्टेटर (मोटरचा न फिरणारा, वाइंडिंगचा भाग) लाकडांवर भाजू नका. पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं, मग नवं वाइंडिंगही गरम राहतं.

लाइनच्या टोकाला वावर असलेला शेतकरी ‘कमी व्होल्टेजची भरून द्या’ म्हणतो. म्हणजे टर्न कमी करायचे. दिवसा ती मोटर चांगली उचलते, पण रात्री व्होल्टेज पूर्ण आलं की रिकामी असतानाही जास्त करंट ओढते. माझ्या मते हे काम नाकारावं.

भरून झालं की वार्निश, भट्टीत सुकवणं, मग 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायचं मीटर) फेज-बॉडी आणि फेज-फेज तपासणी. आत पाणी भरलेली असते त्या सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालवायच्या) मोटरीला वार्निश नसतं, तिथं पीव्हीसीची तार असते. तिचा मेगर पाण्यात बुडवून घ्या. तिन्ही फेजचा रेझिस्टन्स सारखा आला पाहिजे. शेतात बसवल्यावर क्लॅम्प मीटरनं तिन्ही वायरी मोजून आकडे स्टार्टरच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा.