झिंग हवी, झीज नको

(दृश्य : पाणबुडीतली अरुंद वाट, गोल झडपा, बंद दारं)

पाणबुडी पाण्याखाली गेली की सिगारेट पेटवता येत नाही. हवा सगळ्यांची एकच, आणि तीही मोजकी. १९६० च्या दशकात स्वीडनच्या नौदलातल्या खलाशांनी यावर आपला तोडगा काढला होता. ते तंबाखू तोंडात धरायचे. क्लेस लुंडग्रेन या संशोधकाच्या हे लक्षात आलं आणि १९६७ मध्ये त्यांनी औषध कंपनीत काम करणाऱ्या आपल्या मित्राला, ओव्हे फेर्नो यांना, पत्र लिहिलं. तल्लफ निकोटीनची असेल, तर ते धुराशिवाय का देऊ नये?

त्या पत्रातून निकोटीनचं च्युइंगम जन्माला आलं. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडनं त्याला मान्यता दिली, १९८४ मध्ये अमेरिकेनं.

सिगारेटनं कॅन्सर होतो तो मुख्यतः जळत्या तंबाखूच्या धुरामुळे. माणूस सिगारेटकडे परत परत ओढला जातो तो निकोटीनमुळे. दोन्ही गोष्टी एकाच कागदी नळीत असल्या, तरी त्या वेगळ्या करता येतात. इथवर सगळं सोपं वाटतं.

(दृश्य : सिगारेटचं पेटतं टोक, जवळून)

पण ज्यांनी ते च्युइंगम चावलं, त्यांतल्या अनेकांचं म्हणणं होतं की सिगारेटची मजा यात नाही. ते खरंच होतं. झुरका घेतला की निकोटीन फुप्फुसांतून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. च्युइंगममधलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू रक्तात झिरपतं आणि रक्तातली त्याची पातळी वर जायला अर्धा तास लागू शकतो. रेणू तोच, वेग निराळा. मेंदूला जी 'किक' म्हणून आठवते ती बऱ्याच अंशी या वेगामुळे येते, आणि व्यसन जडतं तेही याच वेगामुळे. कोकेन ज्यात असतं त्या कोकाच्या झुडपाची पानं चघळणारा, कोकेनची पूड नाकानं ओढणारा आणि क्रॅक म्हणजे कोकेनचे खडे पेटवून धूर घेणारा, असे तिघं घ्या. तिघांच्याही शरीरात कोकेनच जातं. तरी त्यांची आयुष्यं एकसारखी जात नाहीत.

सुरक्षित नशेच्या शोधातली खरी अडचण ही आहे. पर्याय अगदी निरुपद्रवी केला तर तो कुणाला नकोसा होतो. लोकांना हवाहवासा वाटेल इतका जोरकस केला, तर तो कितपत सुरक्षित राहील, हे आधी सांगता येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये जागा आहे, पण फार अरुंद.

या जागेचा अंदाज चुकल्याची उदाहरणं शंभर वर्षांहून जुनी आहेत. १८९८ मध्ये बायर कंपनीनं खोकल्यावरचं एक नवं औषध विकायला काढलं. मॉर्फिनसारखी सवय या औषधाची लागत नाही, असा बोलबाला झाला. त्या औषधाचं नाव होतं हेरॉइन.

(दृश्य : प्रयोगशाळा, काचेची भांडी, वहीतले रेणूंचे आराखडे)

हेरॉइनच्या वेळी विक्रीची घाई होती असं म्हणून सुटका करून घेता येते. डेव्हिड निकोल्स यांच्या बाबतीत तेही म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाचे हे रसायनशास्त्रज्ञ, एमडीएमए म्हणजे 'एक्स्टसी' मेंदूत नेमकं काय करते हे समजून घेत होते. एमडीएमएच्या मोठ्या मात्रेनं प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन हे मनःस्थितीशी संबंधित रसायन वापरणाऱ्या पेशींना इजा होते. एमडीएमएसारखे, पण ती इजा न करणारे रेणू त्यांनी तयार केले. त्यांतला एक होता ४-एमटीए. त्यांनी त्याची चाचणी फक्त उंदरांवर केली आणि रिवाजाप्रमाणे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुणीतरी ते निबंध वाचले, त्या रेणूच्या गोळ्या बनवल्या आणि विकल्या.

माणसं मेली. हा रेणू सेरोटोनिन बाहेर सोडतो आणि त्याच वेळी सेरोटोनिनची विल्हेवाट लावणारं एन्झाइमही रोखतो, म्हणून त्याची पातळी धोकादायक वाढते. शिवाय तो सावकाश चढतो. काहीच होत नाही असं वाटून माणूस दुसरी गोळी घेतो. पेशी वाचवणारा रेणू जीव वाचवेलच असं नसतं. निकोल्स यांनी २०११ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात याविषयी मोकळेपणानं लिहिलं. आपल्या शोधनिबंधांचा असा उपयोग होतो, ही बोच त्यात स्पष्ट दिसते.

(दृश्य : भरलेले ग्लास, चेहरे दिसत नाहीत)

मग दारूचं काय? २००९ मध्ये ब्रिटिश सरकारनं आपल्या अमली पदार्थविषयक सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदावरून प्रा. डेव्हिड नट यांना काढून टाकलं. सरकारचं धोरण विज्ञानाला धरून नाही, असं ते उघड बोलत होते. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. २० पदार्थ, १६ निकष, १०० पैकी गुण. घेणाऱ्याचं नुकसान आणि इतरांचं नुकसान, दोन्ही धरून. दारूला ७२ गुण मिळाले, हेरॉइनला ५५. या यादीवर वाद झाले. मला स्वतःला गुणांपेक्षा नट यांनी पुढे विचारलेला प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. दारूचं जे चांगलं वाटतं, तेवढंच बाजूला काढता येईल का?

दारूतला इथेनॉल हा मोठा धसमुसळा रेणू आहे. बहुतेक औषधं मिलिग्रॅममध्ये काम करतात, पण इथेनॉल लागतो ग्रॅममध्ये. एका पेल्यात तो दहाएक ग्रॅम असतो आणि शरीरभर पसरतो. यकृत त्याचं ॲसिटाल्डिहाइड करतं, आणि ते डीएनएला इजा करतं. सैल वाटणं, गप्पा सुचणं, भीड चेपणं, हे बरंचसं मेंदूतल्या 'गाबा' रिसेप्टरवरच्या परिणामामुळे होतं. 'गाबा' हे मेंदूला शांत करणारं रसायन पेशीवर जिथं चिकटतं, ती जागा म्हणजे हा रिसेप्टर. या रिसेप्टरचे उपप्रकार आहेत. काहींचा संबंध चिंता कमी होण्याशी जास्त, काहींचा गुंगीशी, काहींचा विसर पडण्याशी. नेमक्या हव्या त्या उपप्रकारांवर काम करणारा, ॲसिटाल्डिहाइड न बनवणारा रेणू शोधायचा, आणि ठरावीक मात्रेनंतर त्याचा परिणाम वाढणारच नाही असं पाहायचं, असा नट यांचा बेत आहे. त्या रेणूला त्यांनी अल्करेल हे नाव दिलं. तो अजून बाजारात आलेला नाही.

बेत आकर्षक आहे, तरी इथं जरा थांबायला हवं, कारण 'गाबा'ची ही वाट आधी एकदा चालून झाली आहे. पूर्वी झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या बार्बिट्युरेट गोळ्यांची मात्रा थोडी चुकली तरी श्वास बंद पडायचा. मग चिंता कमी करणारी नवी औषधं आली, १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम. ही औषधं 'गाबा'चा रिसेप्टर स्वतःहून चालू करत नाहीत. शरीरातल्या 'गाबा'चाच जोर वाढवतात. त्यामुळे एकटी घेतली तर ती सहसा जीव घेत नाहीत. ही फार मोठी सुधारणा होती. पण त्यांचीही सवय लागते, अचानक सोडली तर झटके येऊ शकतात, आणि दारू किंवा अफूवर्गातल्या औषधांबरोबर घेतली तर ती प्राणघातक ठरतात. हे डॉक्टरांना पुरतं उमगेपर्यंत कोट्यवधी चिठ्ठ्या लिहून झाल्या होत्या. नव्या रेणूनं हॅंगओव्हर येत नाही हे एका रात्रीत कळतं. सवय लागते का, हे कळायला वर्षं जातात.

तरीही परिणामाला कमाल मर्यादा असावी, ही कल्पना मला सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण ती एका ठिकाणी सिद्ध झाली आहे. ब्युप्रेनॉर्फिन. हेरॉइनच्या व्यसनावरच्या उपचारात ते वापरतात. ते हेरॉइनच्याच रिसेप्टरला घट्ट चिकटतं, पण त्याला अर्धवटच जागं करतं. तल्लफ भागते. मात्रा वाढवत नेली तरी एका टप्प्यानंतर श्वास आणखी फारसा मंदावत नाही. ते मजेसाठी बनवलेलं नाही, आणि त्यावरही शरीर अवलंबून राहतं. पण त्यामुळे माणसं जिवंत राहतात, आणि रोज कामावर जाऊ शकतात.

(दृश्य : संसदेची इमारत, बाहेरून)

असा एखादा पदार्थ मजेसाठी बनवला, तर त्याला परवानगी कोण देणार? औषधाला मंजुरी मिळते ती आजाराच्या बदल्यात. थोडा धोका पत्करून मोठा त्रास टळतो. इथं आजारच नाही. मौजेपायी किती धोका चालेल, हे कोणत्या तराजूत तोलायचं?

न्यूझीलंडनं २०१३ मध्ये तो प्रयत्न केला. नवं नशेचं उत्पादन विकायचं असेल, तर त्याचा धोका कमी आहे हे उत्पादकानं स्वतः सिद्ध करावं, असा कायदा झाला. आधीपासून दुकानांत असलेल्या काही उत्पादनांना तात्पुरती परवानगी मिळाली, त्यांत प्रामुख्यानं कृत्रिम गांजा होता. तक्रारी वाढल्या आणि मे २०१४ मध्ये संसदेनं त्या परवानग्या रद्द केल्या. सुरक्षितता दाखवण्यासाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांचा आधार घेण्यासही त्याच वेळी मनाई झाली. कुणाच्या करमणुकीसाठी प्राण्यांचे हाल नकोत, हे पटण्यासारखंच आहे. पण प्राण्यांवर न तपासलेला रेणू थेट माणसाला द्यायला कोण धजावेल?

कायदा कागदावर आहे, पण त्या तात्पुरत्या परवानग्या सोडल्या तर त्याखाली एकाही उत्पादनाला मंजुरी मिळालेली नाही. दारू आणि तंबाखू त्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांना ही परीक्षा द्यावी लागत नाही.