गड्डा तिकडे, स्वयंसेवक इकडे

नमस्कार मंडळी.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 च्या सप्टेंबरात पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला निघाले आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी, तिकडेच वारले. मधल्या पाचही दिवाळ्या घरापासून दूर. आजही आपल्या भागातली मुलंमुली परदेशात कुठे दवाखान्यात, कुठे शाळेत वर्ष-दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून राहतात. हातात फोन असला तरी सणाला जीव कासावीस होतोच. अशा वेळी परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाने नेमकं काय करावं, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी रजा. स्वयंसेवकाला सुट्ट्या मिळतात त्या यजमान देशाच्या. दिवाळी तिथीवर चालते. लक्ष्मीपूजन 2025 ला 21 ऑक्टोबरला होतं, 2026 ला ते 8 नोव्हेंबरला. तिथल्या समन्वयकाला हे आपोआप कळणार नाही. रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यातच तारीख लेखी द्यावी आणि बदल्यात नाताळच्या आठवड्याची ड्युटी स्वतःहून मागून घ्यावी. तेव्हा तिथल्या लोकांना घरी जायचं असतं, त्यामुळे ही अदलाबदल बहुतेक मान्य होते. आठ दिवस आधी मागितलेली रजा मात्र हमखास अडते.

आता आपली चूक. मंडळाची दिवाळी हॉल मिळेल त्या शनिवारी होते, कधी सणानंतर दहा दिवसांनी. त्या दिवशी स्वयंसेवक चारचौघांत असतो. एकटा पडतो तो खऱ्या तिथीला, पाडव्याच्या संध्याकाळी. फोन त्या दिवशी करा. आणि सोलापूरकर असेल तर संक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वर यात्रा विसरू नका. दिवाळीचं नाव तरी तिथल्या लोकांनी ऐकलेलं असतं; गड्डा म्हणजे यात्रेतली जत्रा, सात नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या, बाराबंदी हा पांढरा पोशाख, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा म्हणजे सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, हे कोणाला सांगणार? ‘बोला एकदा भक्तलिंग हर्र’ म्हटल्यावर ‘बोला हर्र’ म्हणणारं एक माणूस फोनवर असलं तरी पुरतं.

अक्षतेच्या वेळी घरी व्हिडिओ कॉल लावू नका, गर्दीत नेटवर्क दमतं आणि चित्र अडकलं की जास्तच लागतं. घरच्यांनी दोन मिनिटांचं चित्रण करून रात्री पाठवावं. वेळेचं गणितही आधी मांडा: नैरोबीचं घड्याळ भारतापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे सोलापुरात पहाटे पाचचं अभ्यंगस्नान तिकडे रात्री अडीचला.

बोलावताना ‘कधीही या’ म्हणू नका. दिवस, वेळ, न्यायला कोण येणार आणि रात्री झोपायची सोय, चारही सांगा. गावाबाहेर राहणाऱ्याची शेवटची बस लवकर जाते. कार्यक्रमाच्या तिकिटाचे पैसे घेऊ नका, स्वयंसेवकाचा भत्ता बेताचा असतो. आणि आल्याबरोबर पाटावर बसवू नका, हाताला काम द्या. रिकाम्या हातांना घर जास्त आठवतं.

काम कोणतं? शेंगाचटणी. अर्धा किलो शेंगदाणे, वीस-पंचवीस लसूण पाकळ्या, तीन मोठे चमचे लाल तिखट, एक चमचा जिरं, चवीपुरतं मीठ. काळे, सुरकुतलेले, कुबट दाणे आधी वेचून टाका, दमट हवेत दाण्याला बुरशी फार लवकर धरते. मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजा, पूर्ण गार करा, साल चोळून काढा. उखळ असेल तर उत्तम. कुटता कुटता तेल सुटून चटणी हाताला ओलसर लागली की झाली. मिक्सर असेल तर थांबत थांबत, थोडी थोडी फिरवा. सलग फिरवली की पाती तापतात आणि चटणीचं लोणी होतं. लसणात पाणी असतं, म्हणून ही चटणी पंधरा दिवसांत संपवा. लांब पाठवायची असेल तर लसूण वगळा.

भाकरीचं पीठ हा खरा अडथळा. पूर्व आफ्रिकेत ज्वारी ‘म्तामा’ नावाने मिळते, पण लाल दाण्याची असली तर तुरट लागते. पांढरी पाहून घ्या. दुकानातलं पीठ जुनं असतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, थापताना कडा फाटतात. पाणी उकळून त्यात पीठ टाका, झाकून पाच मिनिटं ठेवा, कोमट असताना भरपूर मळा. भाकरी जमते.

घरून कडक भाकरी आणणाऱ्यांना सांगा: गरम असताना डब्यात भरली तर आतल्या वाफेने मऊ पडते, मग बुरशी येते. पूर्ण गार करून पत्र्याच्या डब्यात कागद घालून रचावी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर लिहावी. न्यूझीलंडला न सांगितलेल्या वस्तूवर जागेवरच 400 डॉलर दंड होतो.

वसतिगृहाच्या खोलीत पणती लावू नका, धुराचा भोंगा वाजून सगळी इमारत बाहेर येते. पणती मंडळात लावू.

जाताना चटणीचा डबा द्या. स्टीलचाच द्या, आणि तो परत आणून द्यायला सांगा.